लिनक्स लॉगिन होऊ देत नाही. म्हणून फॉरमॅट कशाला?

सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. वार्षिक सर्वसाधारण सभा आठ दिवसांवर आलेली. वर्षभराचे हिशेब, थकबाकीदारांची यादी, पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची तिन्ही कोटेशन्स, सगळे त्यांच्या लॅपटॉपमध्ये. आणि लॅपटॉप त्यांना आत घेईना. पासवर्ड टाकून एंटर दाबले की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि पुन्हा तोच पासवर्ड विचारणारा चौकोन समोर. आदल्या संध्याकाळी ते दुकानात जाऊन आले होते. तिथे दोन मिनिटांत निकाल लागला होता. "लिनक्स आहे ना, उडालंय. फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो. डेटाची गॅरंटी नाही."

"टाकू का रे त्याच्याकडे?" काका विचारत होते. "तीस तारखेच्या आत सभा घ्यावीच लागते."

मी नको म्हटले. धाडसाने नव्हे, काकांनी सांगितलेल्या लक्षणांवरून त्यांचा डेटा शाबूत असण्याचीच शक्यता जास्त होती म्हणून. लॉगिनवर अडकलेल्या लिनक्सला फॉरमॅट हा पहिला उपाय सांगणे म्हणजे किल्ली कुलपात अडकली म्हणून घर पाडणे, असे माझे मत आहे. हा सल्ला फक्त दुकानात मिळतो असेही नाही. तो घरातला कॉलेजात जाणारा भाचाही देतो आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे जाणकारही देतात. येत्या काळात तो जास्त वेळा ऐकू येईल. विंडोज १० ला मिळणारे मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, अनेक जुन्या लॅपटॉपना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि अशा मशीनवर मिंट, उबंटू टाकून घेणारे वाढत आहेत. यांतले बहुतेक जण काकांसारखे आहेत. त्यांना लिनक्स शिकायचे नाही, हिशेब करायचे आहेत.

पासवर्ड बरोबर, तरी बाहेर का?

लॉगिन स्क्रीन ही डेस्कटॉपचा भाग वाटते, पण तो एक वेगळा, छोटा प्रोग्राम असतो. उबंटूत त्याचे नाव जीडीएम, लिनक्स मिंटमध्ये लाइटडीएम, केडीई वापरणाऱ्यांकडे बहुधा एसडीडीएम. त्याची कामे दोन. नाव आणि पासवर्ड घेऊन तो तपासणाऱ्या यंत्रणेकडे द्यायचा, हे पहिले. तपासणी पार पडली की तुमच्या नावाने डेस्कटॉप सुरू करून द्यायचा, हे दुसरे. दुसऱ्या कामात बरेच काही घडते. तुमच्या फोल्डरमधल्या सेटिंग्ज वाचल्या जातात, काही छोट्या फायली नव्याने लिहिल्या जातात, ग्राफिक्स कार्डाला कामाला लावले जाते.

सोसायटीच्याच भाषेत सांगायचे तर वॉचमनने रजिस्टर पाहून गेट उघडले, पण आत लिफ्ट बंद आणि जिन्याला कुलूप; म्हणून तुम्ही परत गेटवर. वॉचमन पुन्हा विचारतो, "नाव?" आपल्याला वाटते, याने ओळखले नाही. प्रत्यक्षात त्याने दर वेळी ओळखलेले असते.

सगळा उलगडा इथून सुरू होतो. पासवर्ड चुकला असेल तर स्क्रीन तसे सांगते. चुकीचा पासवर्ड, पुन्हा प्रयत्न करा, असा काहीतरी मजकूर येतो. काहीही न सांगता स्क्रीन काळी होऊन परत आली तर पासवर्ड बहुतेक वेळा बरोबर असतो आणि पुढच्या टप्प्यावर काहीतरी अडलेले असते. हा फरक न बघता लोक पन्नास वेळा पासवर्ड टाकतात. काही लिनक्समध्ये ओळीने तीनदा चुकीचा पासवर्ड दिला तर खाते दहा मिनिटे बंदही होते. मग बरोबर पासवर्डही चालत नाही आणि माणूस पुरता घाबरतो.

मराठी कीबोर्डचा सापळा

पासवर्ड चुकला असा मजकूर खरोखर येत असेल तर कॅप्स लॉक आणि नम लॉक आधी बघावेच. पण मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे. डेस्कटॉपवर इन्स्क्रिप्ट किंवा दुसरी मराठी मांडणी घेतलेली असेल तर तीच लॉगिन स्क्रीनवरही चालू राहू शकते. तुम्ही बोटांच्या सवयीने इंग्रजी पासवर्ड टाकता आणि आत देवनागरी अक्षरे जातात. ठिपक्यांमधून काही दिसत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात भाषेची दोन-तीन अक्षरे असतात, तिथे इंग्रजी निवडावी. पासवर्डच्या चौकोनात डोळ्याचे चिन्ह असेल तर ते दाबून काय उमटते आहे ते बघावे.

मराठीवर कितीही प्रेम असले तरी लॉगिनचा पासवर्ड देवनागरीत ठेवू नये. यात भाषेचा कमीपणा नाही. अडचणीत ज्या काळ्या, अक्षरांच्या स्क्रीनवरून आत जायचे असते तिथे देवनागरी लिहिण्याची सोय नसते, एवढेच कारण.

मागचा दरवाजा

काकांच्या स्क्रीनवर चुकीचा पासवर्ड असे काही येत नव्हते. म्हणून मी त्यांना लॉगिन स्क्रीनवरच कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ ही तीन बटणे एकदम दाबायला सांगितली. काही लॅपटॉपवर सोबत एफएनही दाबावे लागते. चित्र गेले, काळ्या पडद्यावर लॉगिन हा शब्द आणि लुकलुकणारी रेघ आली. "गेलं सगळं," काका म्हणाले. काहीच गेले नव्हते. लिनक्सला चित्रांशिवायही आत जाण्याची वाट असते आणि ती बहुतेक वेळा उघडी असते.

इथे पहिली अडचण अशी की काकांना स्वतःचे युजरनेम माहीत नव्हते. रोज दिसणारे पूर्ण नाव वेगळे आणि खात्याचे नाव वेगळे. मिंट टाकताना ते आपोआप सुचवले जाते. पहिले नाव, सगळी लहान अक्षरे. तेच निघाले. दुसरी अडचण: "पासवर्ड टाइपच होत नाहीये." होत असतो, या स्क्रीनवर पासवर्डचे ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. न बघता टाकायचा आणि एंटर. काका आत गेले. पासवर्ड बरोबर होता, खाते शाबूत होते, आणि एक लहान सूचना देताच त्यांच्या फोल्डरमधल्या फायलींची नावे ओळीने आली. हिशेबाची फाइल त्यात होती. फोनवर त्यांचा सुस्कारा मला ऐकू आला. त्या क्षणी अजून काहीच दुरुस्त झालेले नव्हते, पण फॉरमॅटचा विषय संपला होता.

मग डिस्कवर जागा किती आहे ते पाहिले. फोनवरून असे सांगावे लागते: डी, एफ, मग एक मोकळी जागा, मग आडवी रेघ, मग एच, सगळी लहान इंग्रजी अक्षरे. तक्ता येतो. ज्या ओळीच्या शेवटी नुसती तिरकी रेघ असते ती मुख्य डिस्क. फायलींचे फोल्डर वेगळ्या भागात ठेवलेले असेल तर त्याची ओळ निराळी दिसते. काकांकडे तिरकी रेघच होती आणि त्या ओळीत १०० टक्के.

डिस्क पूर्ण भरली होती. तरी मशीन सुरू कसे होत होते? लिनक्समध्ये सर्रास वापरली जाणारी ईएक्सटी ४ ही पद्धत डिस्कवरची साधारण पाच टक्के जागा व्यवस्थापकासाठी, म्हणजे ‘रूट’साठी, राखून ठेवते. १०० जीबीच्या डिस्कवर हे ५ जीबी होतात. बाकी सगळे भरले तरी या राखीव जागेवर मशीन उठते, लॉगिन स्क्रीन दाखवते, पासवर्ड तपासते. सामान्य वापरकर्त्याला मात्र नवे अक्षरही लिहिता येत नाही. डेस्कटॉप सुरू होताना त्याच्या फोल्डरमध्ये चार छोट्या फायली लिहायच्या असतात, त्या लिहिल्या जात नाहीत, आणि डेस्कटॉप उघडण्याआधीच मिटतो.

जागा खाल्ली कोणी? टाइमशिफ्टने. मिंटमध्ये हा प्रोग्राम आधीपासून असतो आणि तो चालू करावा असे मिंट स्वतःच सुचवते. अपडेटनंतर काही बिघडले तर मागे जाता यावे म्हणून तो सिस्टिमचे स्नॅपशॉट घेऊन ठेवतो. पण वेगळी डिस्क दिली नाही तर ते त्याच डिस्कवर साठतात. संरक्षण म्हणून नेमलेल्या माणसाने घरातच संसार मांडावा तसे. टाइमशिफ्ट वाईट आहे असे मी म्हणणार नाही, मी तो वापरतो. पण छोट्या डिस्कवर दोन-तीनपेक्षा जास्त स्नॅपशॉट ठेवू नयेत, आणि तुमच्या फायलींचा तो बॅकअप नाही हेही लक्षात ठेवावे. तो नेहमीच्या मांडणीत सिस्टिमच जपतो, हिशेब नाही.

टाइमशिफ्टची यादी काढून जुने तीन स्नॅपशॉट काढून टाकले, पॅकेजेसची साठलेली रद्दी साफ केली. आकडा ७१ टक्क्यांवर आला. मशीन पुन्हा सुरू केले आणि काका नेहमीच्या पासवर्डने आत. चाळीस मिनिटे गेली. त्यांतली निम्मी आडवी रेघ म्हणजे कोणते बटण हे ठरवण्यात.

दर वेळी डिस्कच असते असे नाही

जागा भरपूर शिल्लक असेल तर मिंटसारख्या ठिकाणी पुढचा संशय एका लपलेल्या फाइलवर जातो. तिचे नाव ‘एक्सऑथॉरिटी’, आधी एक टिंब. स्क्रीनवर चित्र काढण्याची परवानगी त्यात असते. कुणीतरी व्यवस्थापकाचे अधिकार घेऊन एखादा खिडकीवाला प्रोग्राम चालवला की कधी कधी या फाइलची मालकी रूटकडे जाते. मग तुमचीच फाइल तुम्हाला लिहिता येत नाही. त्याच काळ्या स्क्रीनवरून तिचे नाव बदलून ठेवले की पुढच्या लॉगिनला नवी फाइल तयार होते. पुसून टाकण्यापेक्षा नाव बदलणे बरे. चुकलो तर मागे येता येते. स्वतःच्या ‘प्रोफाइल’ फाइलमध्ये इंटरनेटवरून उचललेली एखादी ओळ चुकीची पडली तरी हाच खेळ होतो.

अपडेटच्या दुसऱ्या दिवशी लॉगिन बंद झाले असेल आणि मशीनमध्ये एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल, तर कर्नेल नवे आणि ड्रायव्हर जुना अशी जोडी जमलेली नसते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात या कंपनीला सगळ्यांसमोर मधले बोट दाखवले होते, ते उगाच नाही. २०२२पासून कंपनीने ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला, परिस्थिती बरीच सुधारली, पण रुसवा पूर्ण गेलेला नाही. मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा मेनू आणावा, प्रगत पर्यायांत जुने कर्नेल निवडावे. जुन्यावर सगळे चालले तर दोषी सापडला.

चित्रवाली लॉगिन स्क्रीनच गायब होऊन फक्त काळा पडदा आणि लॉगिन हा शब्द राहिला, तर बहुधा डेस्कटॉपच काढला गेलेला असतो किंवा तो दाखवणारा प्रोग्राम कोसळलेला असतो. हे नवख्यांचेच होते असे नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये ‘लिनस टेक टिप्स’ या प्रसिद्ध यूट्यूब चॅनेलच्या लिनस सेबॅस्टियन यांनी पॉप ओएसवर स्टीम टाकायला घेतले आणि पॅकेजमधल्या एका दोषामुळे सिस्टिमने डेस्कटॉपच काढायची तयारी केली. तशी सूचना स्क्रीनवर आली होती. लांबलचक यादीत ती हरवली आणि त्यांनी होकार टाइप केला. मशीन उठले ते नुसत्या अक्षरांत. अशा वेळी डेस्कटॉपचे पॅकेज पुन्हा टाकले की काम होते. तुमच्या फायलींना त्याने धक्का लागत नाही.

पासवर्ड खरोखरच विसरला असेल तरीही फॉरमॅट लागत नाही. उबंटू आणि मिंटमध्ये ग्रबच्या रिकव्हरी मोडमधून रूट म्हणून आत जाऊन नवा पासवर्ड देता येतो. (जुना पासवर्ड धरून बसलेली किल्ल्यांची तिजोरी, म्हणजे कीरिंग, नंतर कुरकुर करते, ते वेगळे.) हे वाचून काहींच्या मनात आले असेल की मग लॅपटॉप हाती लागलेल्या कुणालाही हे करता येईल. येते. म्हणूनच कामाच्या मशीनवर डिस्कला एन्क्रिप्शन असावे. ते असेल आणि त्याची सांकेतिक ओळ विसरली, तर मात्र कुठल्याही दुकानात, कितीही पैसे देऊन, डेटा परत येत नाही.

गप्प बसण्याचा अधिकार कुणी दिला?

दुकानदाराला दोष देऊन मी मोकळा झालो असतो, पण ते अर्धेच खरे. त्या दिवशी काकांच्या मशीनला कारण ठाऊक होते. डिस्क भरली आहे हे त्याला कळत होते, डेस्कटॉप का मिटला याचा सुगावा सिस्टिमच्या नोंदवहीत सापडण्यासारखा होता. फक्त समोर बसलेल्या माणसाला कुणी सांगितले नाही. युनिक्सच्या काळापासून लॉगिन मुद्दाम मोघम बोलते. नाव चुकले की पासवर्ड, हे ते सांगत नाही, म्हणजे चोराला अंदाज बांधता येऊ नये. तो संकेत योग्यच आहे. पण पासवर्ड पटल्यानंतर समोरचा माणूस चोर नाही हे सिद्ध झालेले असते. त्यानंतर त्याला डिस्क भरली आहे एवढे एक वाक्य सांगायला काय हरकत आहे? गनोम या डेस्कटॉपने एक पाऊल टाकले आहे. काही बिघडले की तो उदास चेहरा दाखवून "अरेरे, काहीतरी चुकले" अशा अर्थाचे सांगतो आणि लॉग आउटचे बटण देतो. काय चुकले, ते तिथेही नाही. विंडोजच्या नावाने लिनक्सवाले बोटे मोडतात, पण तिथे खाते नीट उघडले नाही तर निदान तात्पुरते खाते उघडून माणसाला आत बसवले जाते.

लिनक्सच्या चाहत्यांना हे ऐकायला आवडत नाही. "लॉग वाचा की," ते म्हणतात. लॉग वाचायला आधी आत जावे लागते आणि आत जाताच येत नाही हीच तर तक्रार आहे! मिंटसारखी सिस्टिम आम्ही सामान्यांसाठी आहोत असे सांगते, तर लॉगिन स्क्रीनवरच्या त्या रिकाम्या जागेत एक ओळ लिहिणे हे तिचे काम आहे. हे लिनक्स फुकट मिळते, म्हणून ही अपेक्षा ठेवू नये असे मला वाटत नाही. गेलेल्या हिशेबाची किंमत फुकट नसते.

दुकानात जावेच लागले तर

सगळ्यांना फोनवर शेजारी मिळत नाही, आणि काळ्या स्क्रीनवर टाइप करायची सगळ्यांची तयारी नसते. दुकानात जरूर जा, पण आधी मोबाइलवर त्या स्क्रीनचा फोटो किंवा छोटा व्हिडिओ घ्या; ती काळी होऊन परत येते की मजकूर दाखवते, यावरच निदान ठरते. आणि दुकानात पहिले वाक्य हे म्हणा: "आधी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू करून माझे फोल्डर बाहेर कॉपी करून द्या, मग बाकीचे बोलू." ज्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकले जाते, त्याच पेन ड्राइव्हवरून ते न टाकताही चालवता येते आणि आतली डिस्क उघडून फायली बाहेर काढता येतात. हे ज्याला करता येत नाही किंवा करायचे नाही, त्याच्या हाती लॅपटॉप देऊ नका. कॉपी हातात पडल्यावर नवे लिनक्स टाका, विंडोज टाका, काय हवे ते टाका; कधी कधी तोच सोपा मार्ग असतो आणि त्यात कमीपणा नाही. कॉपी करतानाच फायली वाचता येत नाहीत असे दिसले, तर डिस्कच मरायला टेकली आहे. मग फॉरमॅट तर अजिबात नको, तिच्यावर काही लिहायचेच नाही.

आणखी एक. मोबाइलवर शोधून किंवा एखाद्या चॅटबॉटला विचारून मिळालेली सूचना, तिचा अर्थ कळल्याशिवाय काळ्या स्क्रीनवर टाकू नका. विशेषतः आर आणि एम या दोन अक्षरांनी सुरू होणारी. ती पुसते, आणि तिथे कचरापेटी नसते.

काकांनी त्याच दुपारी हिशेबाची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि एक प्रत मलाही मेल केली. सभा ठरल्या रविवारी झाली. हिशेब दहा मिनिटांत मंजूर झाले. पार्किंगवर दोन तास गेले.